घोड्याचा पाय सुजला असता: पहिल्या तपासणीपासून पुन्हा कामावर नेईपर्यंत

वरातीहून रात्री परतलेला घोडा पाणी प्यायला, त्याने चंदी खाल्ली, पिछाडी बांधताना पायही नीट दिला. आणि सकाळी खरारा करायला जावे तो मागच्या पायाची नळी दुप्पट जाड झालेली. तुळशीचे लग्न आटोपून लग्नसराई सुरू झाली की नागपुरातील घोडेवाल्यांच्या घरी ही सकाळ कधी ना कधी येतेच. शहरातील बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत आणि त्या कठीण पृष्ठभागावर बँडच्या तालावर तासन्‌तास थबकत चालणे पायांना जड जाते. फटाक्याने बुजलेला घोडा दुभाजकाच्या कडेवर आपटतो, संक्रांतीच्या दिवसांत रस्त्यावर पडलेला नायलॉन मांजा पायात गुरफटतो, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात पाय मुरगळतो. कारण कोणतेही असो, मालकाचा आणि मोतद्दाराचा पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. तो हात थांबावा आणि त्याऐवजी काय करावे हे कळावे, यासाठी हे लिहीत आहे.

घोड्याचा पाय एवढा का सुजतो हे आधी समजून घेतले पाहिजे. पुढच्या गुडघ्याखाली आणि मागच्या पायाच्या मधल्या वाकलेल्या सांध्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे नळीचे हाड, तिच्यामागून खाली उतरणाऱ्या दोरखंडासारख्या कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे), अस्थिबंध, रक्तवाहिन्या आणि वर कातडी एवढेच असते. मांसाची गादी नसल्यामुळे मार थेट हाडावर किंवा कंडरेवर बसतो. रक्तपुरवठा तुटपुंजा असल्यामुळे भरून यायला वेळ लागतो. आणि शरीरातील सर्वांत खालच्या या भागात साचलेला द्रव वर परत जाण्यासाठी घोड्याच्या हालचालीचीच मदत लागते. म्हणून साध्या खरचटण्यानेही पाय भरतो आणि सांध्यात जंतू गेले तरी सुरुवातीला तेवढाच भरतो. सूज किती मोठी आहे यावरून दुखापत किती मोठी आहे हे ठरवता येत नाही. सूज कशामुळे आली हे कळेपर्यंत ती चोळणे, आवळून बांधणे किंवा गोळी देऊन दडपणे या तिन्ही गोष्टींनी नुकसान होऊ शकते.

पहिला अर्धा तास

घोड्याला सपाट, कोरड्या आणि उजेड असलेल्या जागी उभे करावे. एका माणसाने तोंडाशी उभे राहून लगाम धरावा आणि जो पाय पाहायचा त्याच बाजूला उभे राहावे, म्हणजे घोडा बुजला तर त्याचा मागचा भाग तपासणाऱ्यापासून दूर वळवता येतो. तपासणाऱ्याने कधीही गुडघे टेकून किंवा मांडी घालून बसू नये. ओणवे राहावे, म्हणजे झटकन मागे सरता येते. दुखरा घोडा कितीही गरीब असला तरी लाथ मारू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पायाला हात लावण्याआधी दोन पावले मागे सरून नुसते पाहावे. घोडा चारही पायांवर भार देतो आहे का, की एका पायाचे फक्त टोक टेकवून उभा आहे? मागचा एक पाय आळीपाळीने सैल सोडणे ही घोड्याची आरामाची सवय आहे, पण पुढचा पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढून घेणे हे बहुतेक वेळा दुखण्याचे लक्षण असते. त्यानंतर दोन-चार पावले चालवून पाहावे, पण तो पाय टेकवायलाच तयार नसेल तर एक पाऊलही चालवू नये.

मग तपासणी खुरापासून सुरू करावी. सूज वर नळीवर आणि दुखणे खाली खुरात, असे फार वेळा होते. खूर उचलून, आतील माती आणि शेण खरवडून, तळवा ओल्या फडक्याने पुसून स्वच्छ करावा आणि खिळा, काच, खडा, काळसर भोक किंवा दुर्गंधी यांपैकी काही आढळते का ते पाहावे. नुकतीच नाल मारली असेल तर नालबंदाचा एखादा खिळा आत लागला आहे का हा प्रश्न स्वतःला विचारावा. खुरात पू झाला की घोडा हाड मोडल्यासारखा लंगडतो आणि घोट्याच्या वरपर्यंत पाय सुजतो. अशा वेळी वरच्या सुजेवर कितीही लेप लावले तरी खुरातील पू वाट मिळेपर्यंत ठणकतच राहतो. तळव्यात खिळा घुसलेला दिसला आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर तो उपटू नये. तो कोणत्या दिशेने आणि किती खोल गेला आहे हे एक्स-रेमध्ये दिसते आणि त्यावरच पुढचा उपचार ठरतो. घोडा हलवू नये, खिळ्याच्या भोवती कापडाची जाड गादी करून बांधावी, म्हणजे भार पडून तो आणखी आत जाणार नाही. काढण्यावाचून इलाजच नसेल तर आधी फोटो घ्यावा, काढल्यावर जागेवर खूण करावी आणि खिळा जपून ठेवावा.

खुरानंतर गामची (खूर आणि घोटा यांमधला भाग), घोटा, नळी, गुडघा असे वर चढत जावे. तळहात सावकाश फिरवून आधी चांगला पाय आणि मग सुजलेला पाय, असे दोन्ही तपासावेत, कारण उष्णतेचा फरक तुलनेशिवाय हाताला नीट कळत नाही. पायावर केस दाट असल्यामुळे लहान जखम डोळ्यांना दिसत नाही, ती बोटांना लागते: खपली, चिकट केस, एखादा ओला ठिपका. घोट्याच्या मागच्या बाजूला, दोन्ही कडांना बोटांची टोके हलकेच टेकवली की खुराकडे जाणारी नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते. खुरात दाह असेल तर ती बोटाखाली ठणठण उडते. ही नाडी ओळखण्याचा सराव घोडा धडधाकट असतानाच करून ठेवावा.

त्यानंतर ताप मोजावा. मोठ्या घोड्याचे सामान्य तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट, विश्रांतीतील नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. साधा डिजिटल थर्मामीटर चालतो. त्याला दोरा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावावा, टोकाला थोडे व्हॅसलीन लावावे आणि घोड्याच्या बाजूला उभे राहून गुदद्वारात घालावा. मे महिन्यात भर दुपारी उन्हातून आणलेल्या घोड्याचे तापमान तसेही वर असते, म्हणून सावलीत तासभर उभा केल्यावर किंवा पहाटे घेतलेला आकडा खरा मानावा. हे सगळे आकडे वेळेसह वहीत लिहावेत आणि सुजेचे मापही घ्यावे. माप घेण्याची आमची रीत साधी आहे: नळीच्या ठरलेल्या उंचीवर सुतळी गुंडाळायची, जेथे टोक मिळते तेथे गाठ मारायची आणि सुतळी खुंटीला अडकवायची. सूज उतरली की चढली याबद्दल घरात चार मते असतात, पण सुतळीचे मत एकच असते.

ज्या वेळी वाट पाहायची नाही

घोडा पायावर भारच देत नसेल, पाय वेड्यावाकड्या कोनात दिसत असेल, रक्त धार लागून वाहत असेल, ताप १०२ च्या वर गेला असेल, किंवा सांध्याच्या अथवा कंडरेच्या जवळ कोणतीही जखम असेल, तर घरचे उपचार करत न बसता ताबडतोब पशुवैद्याला बोलवावे. यातील शेवटच्या मुद्द्यावर मी थोडे थांबणार आहे, कारण त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

आमच्या राणी नावाच्या घोडीला मागच्या पायाच्या मधल्या सांध्याजवळ बाभळीचा काटा लागला होता. जखम तिळाएवढी होती, रक्ताचा एकच थेंब वाळलेला होता आणि पहिल्या दिवशी ती जेमतेम लंगडत होती. आम्ही काटा काढला, हळद भरली आणि दोन दिवस गरम तेलाने सांधा शेकला. तिसऱ्या दिवशी ताप १०४ वर गेला, पाय टेकेना, आणि त्या तिळाएवढ्या भोकातून पिवळसर, बोटांना तार येईल असा चिकट द्रव पाझरू लागला. तो सांध्यातील वंगणाचा द्रव होता. काट्याबरोबर जंतू सांध्याच्या पिशवीत गेले होते आणि आम्ही त्यांना शेक देऊन दोन दिवस मोकळे रान दिले होते. सांधा आतून धुवावा लागला, ती वाचली, पण तो सांधा पुन्हा पुरता वाकला नाही. पहिल्याच दिवशी, सूज येण्याच्याही आधी, डॉक्टरांना दाखवले असते तर कदाचित वेगळे झाले असते. हातभर लांबीची कातडी फाटलेली जखम पाहून सगळे धावतात. सांध्याजवळच्या टाचणीएवढ्या भोकासाठी कोणी धावत नाही, आणि घोड्याचा जीव जास्त वेळा त्या भोकानेच जातो. सांध्यातील संसर्गावर पहिल्या काही तासांत उपचार झाले तर बरे होण्याची शक्यता फार मोठी असते. प्रत्येक उलटणाऱ्या दिवसाबरोबर ती घसरत जाते.

नागपूरच्या घोडेवाल्यांना एक सोय अशी आहे की सेमिनरी हिल्स येथे १९५८ साली स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ते ज्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे त्याचे मुख्यालयही याच शहरात आहे. महाविद्यालयाच्या रुग्णालयाची वेळ काय, घोड्याचा एक्स-रे आणि सोनोग्राफी केव्हा होऊ शकते, सुट्टीच्या दिवशी कोणाला विचारायचे, ही चौकशी घोडा चांगला असतानाच करून ठेवावी. जनावरांच्या उपचारासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. मात्र घोड्यांवर नेहमी उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांचा क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेला असावा, कारण रात्री दोन वाजता मोतद्दाराला मोबाइलमधील नावे शोधत बसता येत नाही.

घोडा टेम्पोतून न्यावाच लागला तर हाड मोडल्याची शंका असताना डॉक्टरांनी आधार बांधल्याशिवाय त्याला चढवू नये. पुढचा पाय दुखावला असेल तर घोड्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावे, म्हणजे ब्रेक लागताना भार मागच्या चांगल्या पायांवर येतो. मागचा पाय दुखावला असेल तर तोंड पुढे ठेवावे. खाली वाळू किंवा तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) जाड थर पसरावा आणि घोड्याला दोन्ही बाजूंनी टेकता येईल इतकी जागा आवळून घ्यावी.

थंड पाणी, आणि नागपूरचा उन्हाळा

जखम खोल नाही, ताप नाही, घोडा भार देतो आहे आणि सूज ताजी व गरम आहे, एवढे ठरल्यावर पहिल्या ४८ ते ७२ तासांत थंड पाण्याइतका चांगला घरगुती उपाय दुसरा नाही. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आतील पाझर कमी होतो आणि वेदनाही बोथट होते. एका वेळी १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन ते चार वेळा, आणि दोन वेळांच्या मध्ये किमान तासाभराची उसंत, असा क्रम ठेवावा. पाण्याची धार मंद असावी. आधी खुरावर सोडावी, घोडा स्थिरावला की हळूहळू वर न्यावी. एकदम सुजेवर धार मारली तर पहिल्याच दिवशी तो पाण्याची नळी पाहून पळायला शिकतो आणि पुढचे सगळे दिवस अवघड होतात.

आपल्याकडे अडचण अशी की एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी दुपारी हाताला चटका देते. असे पाणी सुजेवर सोडणे म्हणजे शेक देणेच होय. उन्हाळ्यात त्यासाठी रांजण किंवा माठ तबेल्यात भरून ठेवावा, पहाटे व रात्री नळाचे पाणी वापरावे, आणि दुपारच्या वेळी बर्फाची लादी गोणपाटात कुटून तो चुरा प्लास्टिकच्या पिशवीत भरावा. ही पिशवी उघड्या कातडीवर कधीही ठेवू नये. मध्ये ओल्या पंच्याची एक घडी असावी आणि २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ ती बांधून ठेवू नये. बादलीत पाय ठेवायची सवय असलेल्या घोड्यासाठी खोल रबरी टोपल्यात बर्फाचे पाणी घेणे सर्वांत सोपे. धातूची बादली नको, कारण घोडा दचकला तर तिच्या कडेने पाय कापतो. प्रत्येक वेळी पाणी सोडल्यानंतर पाय, विशेषतः गामचीच्या मागची खोबण, कोरड्या फडक्याने टिपून कोरडी करावी. पावसाळ्यात ही काळजी घेतली नाही तर सूज उतरते आणि तेथे चिखल्यांसारखे फोड व भेगा पडून नवे दुखणे सुरू होते.

तीन दिवसांनंतर, पायातील गरमी गेल्यावर, थंडाव्याचा उपयोग कमी होतो. त्यानंतर शेक द्यावा का, चोळावे का, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. पहिल्या तीन दिवसांत मात्र मोहरीचे तेल, कापूर, टर्पेंटाइन, हळद-चुन्याचा लेप, बाम यांतील काहीही लावू नये. चुना आणि टर्पेंटाइन कातडी भाजतात, आणि चोळण्याने फाटलेल्या तंतूंमधून आणखी रक्त झिरपते. सुजेला फासण्या मारणे (पात्याने चिरे पाडणे) किंवा लाल सळईने डाग देणे हे प्रकार अजूनही कोठे कोठे चालतात. त्यांनी आतील इजा बरी होत नाही, घोड्याला एक नवी जखम मात्र होते. सूज लिबलिबीत लागली म्हणून सुई टोचून पाणी काढण्याचा मोहही टाळावा. आत साचलेले रक्त असले तर ते बहुधा आपोआप जिरते, सुईने मात्र त्यात जंतू जातात.

जखम असेल तर

एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा मीठ घालावे आणि त्या पाण्याने जखम भरपूर धुवावी. स्वच्छ सिरिंजने किंवा झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीने हलक्या दाबाने धार सोडली की माती निघते आणि ती मांसात आणखी खोल रुतत नाही. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचे असेल तर ते फिकट चहाच्या रंगाचे होईपर्यंत पाण्यात पातळ करावे. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, राख, रॉकेल आणि निळी-जांभळी पूड यांपैकी कशानेही जखम लवकर भरत नाही. नव्याने उगवणारे नाजूक मांस मात्र मरते, आणि रंगीत पुडीखाली काय चालले आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. कातडी उघडी पडली असेल तर टाके घालण्याचा निर्णय पहिल्या काही तासांतच घ्यावा लागतो, म्हणून तोवर मलम न लावता फक्त धुऊन, स्वच्छ कपड्याने झाकून ठेवावे.

मांज्याने कापलेल्या जखमेबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. ती बारीक रेघेसारखी दिसते, फार रक्त येत नाही, पण तो दोरा घोट्याच्या मागे कंडरेपर्यंत किंवा तिच्या आवरणापर्यंत उतरलेला असू शकतो. घोडा चालताना खुराचे टोक वर उचलले जात असेल किंवा घोटा नेहमीपेक्षा खाली टेकत असेल तर कंडरा तुटली असल्याची शंका घ्यावी आणि त्याला जागेवरून हलवू नये.

धनुर्वाताबद्दल एकही दिवस चालढकल नको. पाळीव जनावरांत घोडा धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडतो आणि त्याचे जंतू शेणामातीत सर्वत्र असतात. लस दरवर्षी द्यावी. जखम झाली तेव्हा मागची लस सहा महिन्यांपेक्षा जुनी असेल किंवा केव्हा दिली ते आठवत नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. जखमेनंतर एक ते तीन आठवड्यांत कान ताठ होणे, शेपूट उचललेली राहणे, जबडा आवळणे किंवा डोळ्याच्या कोपऱ्यातील पांढरा पडदा पुढे येणे यांपैकी काही दिसले तर तासाचाही विलंब करू नये.

गुडघ्याखालच्या जखमांत लालबुंद, दाणेदार मांस कातडीच्या वर फुगून येते आणि जखम मिटू देत नाही. त्यावर मोरचूद घासण्याची जुनी रीत आहे. तिने भोवतीची चांगली कातडीही जळते. त्या वाढलेल्या मांसाला संवेदना नसते, डॉक्टर ते सहज कापून समतल करतात.

पट्टी

पट्टीने सूज आटोक्यात राहते, पायाला आधार मिळतो आणि जखम झाकली जाते. पण चुकीच्या पट्टीने कंडरेला कायमची इजा होते. कोणी करून दाखवलेले नसेल तर पट्टी न बांधणेच बरे, असे माझे ठाम मत आहे. पहिली पट्टी डॉक्टरांसमोर बांधावी आणि त्यांच्याकडून हात फिरवून घ्यावा.

बांधताना पाय कोरडा आणि स्वच्छ असावा. आधी कापसाचा किंवा तत्सम मऊ अस्तराचा, दाबल्यानंतरही बोटभर जाड राहील असा थर, सुरकुती न पडू देता गुंडाळावा. त्यावरच पट्टी यावी. लवचीक पट्टी नुसत्या कातडीवर बांधणे सर्वांत धोक्याचे, कारण ती रात्रभर आवळत राहते. सुरुवात नळीच्या मध्यावरून करावी आणि ताण हाडाच्या, म्हणजे पुढच्या बाजूने द्यावा, मागच्या कंडरेवर नव्हे. उजव्या पायाला वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आणि डाव्या पायाला उलट दिशेने गुंडाळावे. प्रत्येक वेढ्याने आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकावा, खाली घोट्यापर्यंत जाऊन पुन्हा वर यावे, आणि वर-खाली अस्तराची कड थोडी बाहेर राहू द्यावी. शेवटी कडेतून एक बोट जेमतेम आत गेले पाहिजे. जुन्या सुती लुगड्याची रुंद पट्टी या कामाला चांगली, ती ताणत नाही. चांगल्या पायालाही तशीच पट्टी बांधावी, कारण दुखऱ्या पायाचा भार आता तो वाहतो आहे. दर १२ तासांनी पट्टी सोडून, पाय पाहून, पुन्हा बांधावी. मध्येच घोडा पट्टी चावू लागला, पाय आपटू लागला किंवा पट्टीच्या वर नवी सूज दिसली, तर सकाळची वाट न पाहता तेव्हाच सोडावी.

वेदनाशामक

मागच्या घोड्याच्या वेळची उरलेली गोळी या घोड्याला देऊ नये. फिनाइलब्यूटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलोक्सिकॅम ही औषधे उपयोगी आहेत, पण त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि दोन वेदनाशामके एकत्र दिल्यास पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडावर ताण येतो; उन्हाळ्यात पाणी कमी प्यालेल्या घोड्यात हा धोका वाढतो. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर व खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ११,८८० केले की किलोग्रॅममध्ये अंदाज येतो. घेर १६० व लांबी १४५ असेल तर वजन सुमारे ३१२ किलो भरते. हा आकडा फोनवर डॉक्टरांना सांगता येतो. वेदनेचे औषध दिल्यावर घोडा अधिक चालतो, म्हणून पाय बरा झाला असे मानू नये. आणि डायक्लोफिनॅक कोणी देऊ केले तर नाकारावे: मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते पोटात गेल्याने देशातील गिधाडे जवळजवळ संपली, म्हणून जनावरांसाठी त्याचे उत्पादन २००६ साली बंद झाले, २०२३ साली केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही तशीच बंदी आली.

जी सूज दुखापतीची नसते

दोन्ही मागचे पाय सारखेच, थंड आणि न दुखता भरलेले असतील, अंगठा दाबल्यावर खळगा पडत असेल आणि १५-२० मिनिटे चालवल्यावर ते उतरत असतील, तर घोडा जास्त वेळ बांधून राहिल्याने पाय भरले आहेत. त्याला रोज मोकळे फिरवणे हाच उपाय. एकच पाय एका रात्रीत मांडीपर्यंत खांबासारखा सुजला, हात लावू देईना आणि ताप चढला, तर बारीकशा ओरखड्यातून कातडीखाली जंतुसंसर्ग पसरला आहे. तेथे प्रतिजैविक लागते आणि तेही त्याच दिवशी. पावसाळ्यानंतर ताप येऊन-जाऊन राहतो, घोडा खंगतो आणि पाय व पोटाखालचा भाग सुजतो, तेव्हा चावऱ्या माश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासावे. पायाच्या आतील बाजूने गाठींची माळ उठून त्या फुटत असतील तर उघड्या हाताने स्पर्श करू नये: ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगविषयक कायद्यानुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे.

विश्रांती, आणि पुन्हा काम

नळीच्या मागच्या बाजूने केळ्यासारखा फुगवटा दिसला तर तेथील कंडरेचे तंतू तुटलेले असतात. सोनोग्राफी साधारण आठवडाभराने करावी, कारण पहिल्या दिवसांत इजा पूर्ण दिसत नाही. घोडेवाल्यांची सर्वांत मोठी चूक येथेच होते. दोन-तीन आठवड्यांत गरमी जाते, लंगडणे थांबते, हातात लग्नाची सुपारी आलेली असते आणि घोडा पुन्हा रस्त्यावर येतो. आत मात्र तुटलेल्या तंतूंच्या जागी अजून कच्चा, विस्कळीत व्रण असतो. एका घसरणीत तो पुन्हा फाटतो आणि दुसऱ्यांदा फाटलेली कंडरा पहिल्यासारखी होत नाही. अशा घोड्याला नऊ महिने ते वर्षभराचा काळ लागतो. पोट त्याच्यावरच असणाऱ्या घराला हे किती कठीण आहे ते मी जाणतो, पण एका हंगामाची कमाई वाचवताना घोडाच कायमचा जायबंदी झाल्याची उदाहरणे मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

बांधून ठेवलेल्या घोड्याची चंदी त्याच दिवशी निम्म्यावर आणावी. हरभऱ्याचा खुराक तसाच चालू ठेवला तर पोटशूळ उठतो आणि खुराच्या आतील पडद्यांना दाह होण्याचा धोका वाढतो. त्याऐवजी कडबा व गवत दिवसभर थोडे थोडे द्यावे आणि पाणी कायम समोर असावे. एरवी दिवसाला ३० ते ४० लिटर पिणारा घोडा उन्हाळ्यात त्याच्या दीडपट-दुप्पट पितो. खाली भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या तणसाचा किंवा वाळूचा जाड थर असावा, म्हणजे त्याला आडवे होता येते. चांगल्या पायाकडे रोज विशेष लक्ष द्यावे. एका पायावर दिवसेंदिवस भार पडून त्याच खुरात दाह सुरू होतो. त्या पायाची नाडी उडू लागली किंवा इतके दिवस टेकवलेला तो पाय घोडा अचानक उचलू लागला, तर मूळ दुखापतीपेक्षाही हे गंभीर मानावे.

चालवण्याची परवानगी मिळाल्यावर सकाळी ऊन चढण्याआधी, हाताने धरून, सपाट मुरमाच्या वाटेवर पाच ते दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दर आठवड्याला सुमारे पाच मिनिटे वाढवावीत. सिमेंटचा रस्ता, खोल चिखल आणि तीव्र वळणे टाळावीत. खोगीर व स्वार सर्वांत शेवटी. चालवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पायाला पाणी लावण्याआधी, खुंटीवरची सुतळी काढून त्याच उंचीवर पुन्हा गुंडाळावी. गाठ जेथे होती तेथेच मिळाली तर तेवढेच अंतर पुढे चालू ठेवावे. टोके अर्ध्या बोटानेही दूर राहिली किंवा हाताला ऊब लागली, तर त्या दिवशी चालणे बंद ठेवून आधीच्या आठवड्याच्या अंतरावर परत यावे.